नाडीला हात लावा

गुरुवार हा छावणीच्या बाजाराचा दिवस. सकाळपासून आमच्या गल्लीच्या तोंडाशी टेम्पो लागतात, शेळ्या-बोकडांचा कालवा सुरू होतो आणि अकराच्या सुमारास कुणी ना कुणी माझ्या ओट्यावर प्लास्टिकची पिशवी घेऊन बसलेलं असतं. पिशवीत फाइल असते. बाजाराला आलोच आहोत तर सिस्टरबाईंना कागद दाखवून जावेत, असा शिरस्ता मी निवृत्त होऊन घरी परतले तेव्हापासून पडला आहे. मी डॉक्टर नाही, हे मी दर वेळी सांगते. लोक मान हलवतात आणि फाइल पुढे करतात.

महिन्याभरापूर्वी गंगापूरकडचे एक आजोबा आले. दोन बोकडं चांगल्या भावाने गेली होती, त्यामुळे खुशीत होते. सोबत सहा वर्षांचा नातू. त्याच्या हृदयातलं छिद्र दोन वर्षांपूर्वी मुंबईला बंद केलेलं. आजोबांनी पोराचा सदरा वर केला. छातीच्या मधोमध उभा व्रण होता, त्याची त्यांना सवय झालेली. त्यांचं बोट गेलं ते व्रणाच्या खाली, पोट सुरू होतं तिथे, दोन उजवीकडे आणि दोन डावीकडे असलेल्या बारीक ठिपक्यांवर.

"बाई, हे काय असंल? गावातला एक जण म्हणतो, इथून लेकराला करंट देत होते. आत काही ऱ्हायलं का? लेकरू आता पळायलंय. पळू द्यावं का नाही?"

दोन वर्षं हे घर हा प्रश्न उशाशी घेऊन झोपत होतं. शाळेत खेळाच्या तासाला पोराला बाजूला बसवून ठेवलं जात होतं. उत्तर फाइलीतच होतं, इंग्रजीत, दीड ओळीत: ऑपरेशननंतर हार्ट ब्लॉक, तात्पुरतं पेसिंग, पाचव्या दिवशी स्वतःचे ठोके परत, आठव्या दिवशी तारा काढल्या. ती दीड ओळ कुणी त्यांना वाचून दाखवली नव्हती.

मी बावीस वर्षं मुंबईत लहान मुलांच्या हृदयाच्या आयसीयूत काम केलं. त्यातली निम्मी तरी नाइट ड्यूटी असेल. त्या दीड ओळीमागे काय काय असतं ते मला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल माझी एक तक्रारही आहे. दोन्ही आज मांडते.

आधी त्या तारा. हृदयाला स्वतःची वीज असते. उजव्या वरच्या कप्प्यात ठिणगी पडते, मधल्या एका ठाण्यावर ती क्षणभर थांबते आणि तिथून बारीक तंतूंच्या जुडीतून खालच्या कप्प्यांत उतरते. खालचे कप्पे आवळतात, तो आपल्या हाताला लागणारा ठोका. आता अडचण अशी की खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात मुलांना जन्मतः जे छिद्र सर्रास असतं, त्याच्या अगदी कडेने ही जुडी जाते. सर्जनला टाके घालायचे ते तिथेच. जुडी डोळ्यांना दिसत नाही; ती कुठून जाते हे अभ्यासाने माहीत असतं, त्या अंदाजाने टाका दूर ठेवायचा. पण टाका तिला लागला नाही तरी आजूबाजूला सूज येते आणि वरची वीज खाली पोहोचत नाही. मी शेतकऱ्यांना सांगते, डीपीवर लाइट आहे, विहिरीवरची मोटारही ठीक आहे, मधली केबल दबली आहे. ते लगेच समजतात.

वीज खाली आली नाही तर खालचे कप्पे अगदीच बंद पडतात असं नाही. आपल्या गतीने चालत राहतात, पण फार मंद. तान्ह्या बाळाचे ठोके मिनिटाला शंभर ते दीडशेच्या घरात हवेत, ते पन्नास-साठवर येतात. मोठ्या माणसाचं हृदय अशा वेळी एकेका ठोक्यात जास्त रक्त ढकलून वेळ मारून नेतं. बाळाच्या हृदयाला ती सोय फार थोडी. त्याचं सगळं ठोक्यांच्या संख्येवर. म्हणून सर्जन छाती बंद करण्याआधीच हृदयाच्या बाहेरच्या अंगाला केसाएवढ्या बारीक तारा टाचून ठेवतात, वरच्या कप्प्याच्या उजवीकडून आणि खालच्या कप्प्याच्या डावीकडून कातडीबाहेर काढतात. गरज पडली की त्या एका डबीला जोडायच्या. ही डबी म्हणजे तात्पुरता पेसमेकर. आकार जुन्या छोट्या ट्रान्झिस्टर रेडिओएवढा, आणि कित्येक डब्यांत बॅटरीही तीच, चौकोनी, नऊ व्होल्टची.

बहुतेकांची सूज काही दिवसांत उतरते आणि जुडी पुन्हा कामाला लागते. शंभर ऑपरेशनांमागे एक ते तीन मुलांचा ब्लॉक मात्र कायमचा राहतो. सात ते दहा दिवस वाट पाहून, स्वतःचे ठोके परतले नाहीत तर कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. कधी उलटंही होतं. मधलं ठाणंच बिथरतं आणि हृदय दोनशेच्या गतीने धावू लागतं, वरच्या-खालच्या कप्प्यांचा मेळ सुटतो. मग बाळाला थंड ठेवायचं, औषधांनी गाढ झोपवायचं, आणि वरच्या कप्प्याच्या तारांमधून त्याहून किंचित जास्त गती देऊन कप्प्यांना पुन्हा एका तालात आणायचं. तीच डबी, त्याच तारा, रोग मात्र दुसऱ्या टोकाचा.

या डबीच्या जन्माची कथा मला आमच्या ट्यूटर बाईंनी सांगितली होती, आणि मराठवाड्यातल्या माणसाला ती लगेच पटावी अशी आहे. अमेरिकेत मिनियापोलिसला वॉल्टन लिलेहाय नावाचे सर्जन होते. १९५४ पासून ते मुलांची छिद्रं बंद करत होते. ऑपरेशन नीट व्हायचं, पण ब्लॉक झाला की लेकरू हातचं जायचं. १९५७ च्या जानेवारीत त्यांनी एका लहान मुलीच्या हृदयाला तार टाचून बाहेरच्या यंत्राने ठोके दिले. मुलगी तरली. पण ते यंत्र टेबलाएवढं आणि भिंतीतल्या प्लगवर चालणारं. पेशंटला हलवायचं तर लांब वायर मागून ओढत न्यायची. आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला शहराची लाइट गेली.

लाइट जाणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. लिलेहाय यांनी दवाखान्याची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन या तरुण इंजिनिअरला विचारलं, बॅटरीवर चालणारं काही करता येईल का? बॅकन यांची मेडट्रॉनिक कंपनी तेव्हा एका गॅरेजात होती. त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मासिकात संगीतासाठी ताल धरणाऱ्या यंत्राचा आराखडा पाहिला होता. तोच थोडा बदलून चार आठवड्यांत त्यांनी मुठीत मावेल अशी डबी केली. प्राण्यावर चाचणी घ्यायची म्हणून ती नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतात तर डबी एका मुलाला जोडलेली. लिलेहाय म्हणाले, हाताशी होती, वापरली. गाण्याला ताल देणारी गोष्ट आणि ट्रान्झिस्टरची बॅटरी, एवढ्या घरगुती सामानातून ही विद्या उभी राहिली. मुलांच्या हृदयाच्या आयसीयूत आजही ती रोज लागते.

यंत्र साधं आहे, म्हणूनच ते सांभाळणाऱ्याची कसोटी लागते. डबीवर मुख्य तीन गोष्टी फिरवायच्या. मिनिटाला किती ठोके, धक्का किती जोराचा, आणि मुलाचा स्वतःचा ठोका आला तर तो डबीला ऐकू येतोय की नाही. हे तिसरं विसरलं तर डबी भलत्या क्षणी धक्का देते, आणि भलत्या क्षणी दिलेला धक्का हृदयाचा सगळा ताल उधळू शकतो. धक्क्याचा जोर तर रोज तपासावा लागतो. हळूहळू कमी करत जायचं, कुठे ठोका चुकतो ते पाहायचं, तो आकडा लिहून ठेवायचा आणि डबी त्याच्या दुपटीवर लावायची. कारण तार टाचलेल्या जागी दिवसागणिक सूज आणि खपली धरते. काल चार मिलिअँपिअरला उचलणारं हृदय आज आठलाही दाद देत नाही.

आता ती रात्र. दवाखान्याचं नाव घेत नाही. आठ महिन्यांची मुलगी, ऑपरेशननंतरची तिसरी रात्र, पूर्ण ब्लॉक, डबी एकशेवीसवर. मी दुसऱ्या वॉर्डातून उसनी गेले होते, एका सिस्टरची सुट्टी भरून काढायला. रात्री अडीचला मॉनिटरवर आकडा एकशेवीस, हिरवा, ठाम. पायाला लावलेल्या ऑक्सिजनच्या क्लिपचा अलार्म मात्र वाजत होता. शेजारची नवी सिस्टर म्हणाली, "क्लिप सरकली असेल," आणि तिने अलार्म गप्प केला. तिच्याकडे तीन पेशंट होते. मी क्लिप नीट बसवायला पाय धरला तर पाय गार. जांघेत बोटं ठेवली. काहीच नाही. मग एक ठोका. मग पुन्हा काहीच नाही.

मॉनिटरवर दिसत होत्या त्या डबीच्या उभ्या रेघा. डबी धक्का देत होती, मिनिटाला एकशेवीस वेळा, इमानेइतबारे. मॉनिटर त्या रेघांनाच ठोके समजून मोजत होता. हृदय मात्र त्या धक्क्याला उठतच नव्हतं. मी हाक मारली, जोराचं बटण टोकापर्यंत फिरवलं, आणि चार-पाच रेघांनंतर बोटाखाली ठोका आला. मग दुसरा. मग सलग. मुलगी वाचली. आठवड्याने तिला कायमचा पेसमेकर बसला, इतक्या लहानग्यांना बसवतात तसा, तारा हृदयाच्या बाहेरून आणि डबी पोटाच्या कातडीखाली.

सकाळी मी तिचा चार्ट पाहिला. धक्क्याचा जोर रोज तपासून लिहायची एक चौकट असते. दोन दिवस ती रिकामी होती. कुणी हयगय केली म्हणून नव्हे. ज्या सिस्टरला ते येत होतं तिची बदली झाली होती, आणि तिच्या जागी आलेल्या सिस्टरला ते कुणी शिकवलंच नव्हतं. त्याच दवाखान्यात एकदा बॅटरीचा लाल दिवा लुकलुकायला लागला तेव्हा नवी बॅटरी कपाटात, कपाट कुलपात आणि किल्ली इन्चार्जच्या पर्समध्ये कल्याणला होती. तेव्हापासून नोकरी संपेपर्यंत माझ्या एप्रनच्या खिशात एक नऊ व्होल्टची बॅटरी असायची. मैत्रिणी हसायच्या.

त्या रात्रीनंतर मी आकड्यांकडे संशयाने बघायला शिकले, आणि माझी तक्रार तिथूनच निघते.

आपल्याकडे या मुलांसाठी काही होत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. हजार जन्मांमागे आठ ते दहा बाळं हृदयाचा काही ना काही दोष घेऊन येतात. देशभरात वर्षाला सुमारे दोन लाख. मी नोकरीला लागले तेव्हा यातली कितीतरी खेड्यातच, 'बाळ निळं पडायचं' एवढ्याच निदानावर जायची. आज चित्र बदललं आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात, छातीला नळी लावतात, आवाज वेगळा वाटला की पुढे पाठवतात. जिल्ह्याच्या ठिकाणी टूडी इकोची शिबिरं होतात. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी योजना ऑपरेशनचा खर्च उचलते. खारघरच्या सत्य साई संजीवनीसारख्या ठिकाणी मुलांच्या हृदयाचं ऑपरेशन मोफत होतं. गंगापूरच्या त्या आजोबांचा नातू याच वाटेने गेला. अंगणवाडीत आवाज ऐकू आला, इथे इको झाला, आणि रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने घर मुंबईला पोहोचलं. वीस वर्षांपूर्वी हे झालं नसतं.

पण बातमी काय येते? अमुक जिल्ह्यातल्या इतक्या बालकांवर हृदयशस्त्रक्रिया. सोबत फोटो, हातात खाऊचा पुडा. या आकड्याला मी मॉनिटरवरची रेघ म्हणते. धक्का दिला गेला, याची ती खूण आहे. ठोका लागला का, ते वेगळं पाहावं लागतं. तारा कितव्या दिवशी निघाल्या? ब्लॉक झाला होता का? वर्षाने त्या मुलाचा ईसीजी कुणी काढला का? ते मूल पळतं का, की तारांचे ठिपके बघून घरचे त्याला बसवून ठेवतात? बातम्यांतल्या त्या मोठ्या आकड्याशेजारी या प्रश्नांची उत्तरं मला अजून छापलेली दिसलेली नाहीत.

ब्लॉक आठवड्यात गेला म्हणजे विषय संपला असंही नाही. ज्या मुलांना काही दिवसांचा ब्लॉक होऊन गेला, त्यांच्यातल्या थोड्यांना तो पुढे, काही वर्षांनीसुद्धा, पुन्हा होऊ शकतो. म्हणून त्यांचा ईसीजी नेमाने काढायचा असतो. काम पाच मिनिटांचं, आणि त्यासाठी मुंबई गाठायची गरज नसते. पण तो कधी काढायचा हे दवाखान्याच्या कॅलेंडरवर ठरतं, आणि आमच्याकडचं कॅलेंडर वेगळं आहे. गंगापूर, पैठण, खाली बीडपर्यंत, दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गावं रिकामी होतात. उचल घेतलेली असते, कोयता निघतो, आई-बाप पोरांसह सांगली-कोल्हापूरच्या फडात. कार्डावर लिहिलेलं असतं, 'सहा महिन्यांनी या.' ते सहा महिने जानेवारीत संपतात. जानेवारीत ते लेकरू कुठल्या तरी कारखान्याच्या शिवारात पाचटाच्या कोपीत असतं. मुकादम सुट्टी देत नाही, दिली तर खाडा धरतो. फाइल गावाकडे पत्र्याच्या पेटीत. दवाखाना मात्र नोंद करतो, पेशंट आला नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. 'ब्लॉक' हा शब्द आता खेड्यातही सगळ्यांना माहीत आहे, पण तो नळीत चरबी साचल्याचा. काकांना ब्लॉकेज होतं, फुगा घातला, स्टेंट टाकला. डॉक्टर घाईत म्हणतात, "बाळाला ब्लॉक आलाय," आणि बाप विचारतो, "एवढ्या तान्ह्याला ब्लॉकेज कसं? मग अँजिओप्लास्टी करा ना." 'मशीनवर ठेवलंय' याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो: आता आशा नाही, नातेवाइकांना बोलवा. डबी जोडलेल्या, पण शुद्धीत असलेल्या, दूध मागणाऱ्या बाळाच्या आईला कुणी तरी हे वाक्य ऐकवतं आणि ती पायऱ्यांवर बसून गावाला फोन लावते. 'करंट देतात' तर विचारूच नका. सहीच्या कागदावर यातलं सगळं छापलेलं असतं. अंगठा उठवणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

आमच्या आयसीयूत एक वयस्कर सिस्टर होत्या. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्या बिघडलेली जुनी डबी घेऊन वॉर्डात जायच्या. आईच्या हातात द्यायच्या. "हे बघ, उद्या कदाचित हे लेकराच्या पलंगाला टांगलेलं दिसेल. घाबरायचं नाही. लहान मूल चालायला शिकतं तेव्हा आपण बोट देतो ना, तसं हे बोट आहे. चालायला लागलं की काढून घेतात." दहा मिनिटांचं काम. ज्या आयांनी ती डबी आदल्या दिवशी हातात घेतली होती, त्या दुसऱ्या दिवशी काचेतून बघताना आधी ती शोधायच्या आणि एकमेकींना विचारायच्या, "तुझ्या लेकराची तार निघाली का?" आयसीयूबाहेरच्या त्या पायऱ्यांवर मी भाकरी वाटून खाणाऱ्या हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आया पाहिल्या आहेत. सगळ्यांचा प्रश्न एकच, तार निघाली का.

यावर डॉक्टर मंडळी मला सांगतात, आणि त्यांचं म्हणणं मला माहीत आहे: ऑपरेशनची रांग मोठी आहे, हात थोडे आहेत, आधी मुलं टेबलावर तर येऊ द्या. सगळं आधी सांगितलं तर आई-बाप घाबरून पोर उचलून घरी नेतात. पहिल्या म्हणण्यात तथ्य आहे. रांगेत मरणारी मुलंही मी पाहिली आहेत. पण लाखो रुपये खर्चून केलेलं ऑपरेशन तिसऱ्या रात्री एका रिकाम्या चौकटीमुळे वाया जात असेल, तर रांग कमी झाली असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? दुसरं म्हणणं मला पटत नाही. माणसं सांगितल्याने घाबरतात ती थोडा वेळ. न सांगितल्याने जी भीती बसते ती दोन वर्षं जात नाही, हे माझ्या ओट्यावर बसलेले आजोबा सांगतील.

माझ्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांना नवी इमारत लागत नाही. मुलांच्या हृदयाच्या आयसीयूत डबी सांभाळायला शिकलेल्या सिस्टरला वाटेल तेव्हा दुसऱ्या वॉर्डात हलवू नका, आणि डबी लागलेल्या मुलामागे रात्री एक तरी सिस्टर अशी हवी, जिच्याकडे दुसरे दोन पेशंट नसतील. योजनेत रुग्णालय घेताना खाटा आणि यंत्रं मोजता, तसे हेही मोजा. जादा डबी आणि ताज्या बॅटऱ्या पलंगाजवळच्या खणात ठेवा, कुलपाबाहेर.

डिस्चार्ज देताना मराठीत एक पोस्टकार्डाएवढा कागद द्या. तारा लावल्या होत्या का, किती दिवस, पूर्ण निघाल्या का. कारण क्वचित तार अडकली तर ती कातडीशी कापून आतला तुकडा तसाच ठेवतात, आणि ते घरच्यांना माहीत असलं पाहिजे. ब्लॉक झाला होता का. मूल खेळू शकतं का, हे स्पष्ट हो किंवा नाही. चक्कर आली, अचानक शुद्ध हरपली, अंगाला गळून गेल्यासारखं वाटलं तर थांबायचं नाही. पुढचा ईसीजी कधी, आणि तो मुंबईतच काढायला हवा असं नाही. जवळचं ग्रामीण रुग्णालय चालेल, मग ते गंगापूरचं असो की शिरोळचं. ईसीजीचा फोटो सर्जनच्या टीमला पाठवायला आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे.

आणि बाल स्वास्थ्य पथकं दर वर्षी शाळेत जातातच, तर त्यांच्या नोंदवहीत एक रकाना वाढवा: आधी ऑपरेशन झालेलं मूल, आजची नाडी किती. ऊसतोडीच्या गावांत ही भेट कोयता निघायच्या आधी व्हावी. पुढच्या वर्षी जिल्ह्याने बातमी द्यायची तर त्या रकान्यातूनच द्यावी.

आता त्या आजोबांचं. मी त्यांना सांगितलं, आत काही राहिलेलं नाही, कागदावर तारा पूर्ण काढल्याचं लिहिलं आहे. ठिपके म्हणजे तारा बाहेर यायच्या त्या जागा. पोराचा ब्लॉक पाचव्या दिवशी गेला. दोन वर्षांत त्याचा एकही ईसीजी झालेला नव्हता, म्हणून म्हटलं, आजच घाटीच्या सरकारी दवाखान्यात जा, काढून घ्या, तिथल्या डॉक्टरांना दाखवा, मग त्यांनाच विचारा पळण्याचं. ते गेले. पुढच्या गुरुवारी परत आले, ईसीजी घेऊन. डॉक्टरांनी शेरा मारला होता, ठीक आहे, खेळू द्या, वर्षाने पुन्हा.

मी पोराला ओट्यावर शेजारी बसवलं आणि मनगटावर तीन बोटं ठेवली. सवय आहे, कागद कितीही चांगला असला तरी हात लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजलं. बाजारात कुणी तरी ओरडून भाव पाडत होतं, पोराचं लक्ष तिकडे. ब्याण्णव. नेमके, एकामागून एक, स्वतःचे.

"पुढच्या वर्षी या टायमाला आम्ही फडावर असू, बाई. शिरोळकडं," आजोबा म्हणाले.

मी एका चिठ्ठीवर मराठीत लिहून दिलं: ब्लॉक किती दिवस होता, तारा कधी निघाल्या, आजची नाडी ब्याण्णव, आणि शिरोळला कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात काय मागायचं. आजोबांनी ती वाचली, पुन्हा वाचली, चार घड्या घातल्या आणि बंडीच्या आतल्या खिशात, बोकडांच्या पैशांसोबत ठेवली. पोरगं तोवर ओटा उतरून गल्लीच्या तोंडाकडे धावत सुटलं होतं. आजोबांनी हाक मारायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.